चौथी पायरी

औद्योगिक अपघात अन्वेषण मंडळाच्या रत्नागिरी कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर कारण-प्रयोगशाळा होती. तिथे अपघात पुन्हा घडवले जात. आग नाही, धूर नाही, कुणाला साधं खरचटतही नसे. थंडगार खोलीत उभं असलेलं, कपाटाएवढं एक यंत्र अर्धा तास घुमत राही आणि शेवटी एक इंग्रजी वाक्य बाहेर टाकी. त्या वाक्यावर माणसांचे परवाने, नोकऱ्या आणि कधीकधी तुरुंगवासही अवलंबून असे. यंत्राचं नाव दुवाशोधक.

मार्च २०५१ मधल्या एका मंगळवारी सकाळी प्रमुख अन्वेषक नीलाक्षी तेंडोलकर असंच एक वाक्य तिसऱ्यांदा वाचत होत्या. 'द स्टीम रिलीज वॉज ड्यू टू द ओपनिंग ऑफ द बायपास व्हॉल्व्ह बाय ऑपरेटर आर. पाष्टे.' म्हणजे, वाफ सुटली ती ऑपरेटर पाष्टे यांनी बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे वाफ आडवाटेने बाहेर सोडणारी झडप, उघडल्यामुळे. खाली दुसरं वाक्य होतं. त्यात म्हटलं होतं, की सहायक अभियंता राजाध्यक्ष यांनी दाबमापक बदलणं लांबणीवर टाकलं आणि वाफ सुटली ती 'फॉलोइंग', म्हणजे त्यानंतर.

नीलाक्षीबाईंचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने नेहमीपेक्षा जास्त हसून नमस्कार केला, तर त्या दिवशी त्या दूध दोनदा उकळत. या स्वभावाने घरात कटकटी झाल्या असतील, पण नोकरीत सव्वीस वर्षं तो त्यांच्या कामी आला होता.

"इरफान," त्या म्हणाल्या, "याच्या आतला आकडा दाखव मला."

इरफान मुकादम हा प्रयोगशाळेचा प्रमुख. चौतिशीतला, हुशार आणि आपल्या यंत्राबद्दल भलताच हळवा. "आकडा अहवालात जात नाही, मॅडम. कायद्यानं फक्त शब्द जातो."

"म्हणून तर बघायचाय."

हे शब्दांचं प्रकरण जरा सांगायला हवं. देशातल्या सगळ्या अपघातांचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागत, कारण प्रकल्पांचा पुनर्विमा परदेशात उतरवलेला असे. कारण आणि परिणाम जोडायला चार शब्दप्रयोग ठरवून दिले होते. सगळ्यांत खालच्या पायरीवर 'फॉलोइंग': एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली, एवढंच. त्यावर 'असोसिएटेड विथ': दोन्ही गोष्टी बरोबरीने आढळल्या. तिसऱ्या पायरीवर 'कॉन्ट्रिब्यूटेड टू': हातभार लागला. आणि चौथी पायरी 'ड्यू टू': हेच कारण, दुसरं शोधू नका. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला ताकीद मिळे आणि महिनाभर प्रशिक्षणाला बसावं लागे. चौथ्या पायरीवर परवाना रद्द होऊन थेट फौजदारी खटला उभा राही.

पूर्वी हे शब्द माणसं निवडत. मंडळातले बहुतेक अधिकारी मराठी शाळांत शिकलेले. एकाच प्रकारच्या अपघाताला एकजण 'ड्यू टू' लिही आणि दुसरा 'फॉलोइंग'. या दोन शब्दांमधल्या फटीतून वकील शिरत, ओळखीपाळखी शिरत. शेवटी चार वर्षांपूर्वी कायदा झाला. अन्वेषकांनी पुरावे जोडायचे आणि सही करायची. दुवा यंत्र निवडील, त्याला माणसाने हात लावायचा नाही.

इरफानने पडद्यावर आकडे आणले. पाष्टे, एकसष्ट. राजाध्यक्ष, अठ्ठावन्न.

नीलाक्षीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "याचा अर्थ मला नीट सांग. शाळेतल्या मुलीला सांगतोस तसा."

"यंत्राचे दोन भाग आहेत. पहिला मोजणारा. तो आंबेखोलच्या भूऔष्णिक केंद्राचा तो दिवस जसाच्या तसा उभा करतो. जमिनीखालची गरम वाफ, दाब, झडपा, माणसं, सगळं. मग त्यातून एकच गोष्ट काढून घेतो. पाष्टेंनी बायपास उघडलाच नसता तर? असा तो दिवस दहा हजार वेळा चालवतो. शंभरातल्या एकसष्ट वेळा अपघात टळला, म्हणून एकसष्ट."

"आणि राजाध्यक्षांनी दाबमापक वेळेवर बदलला असता, तर अठ्ठावन्न वेळा टळला असता."

"हो."

"म्हणजे दोघांचा दोष जवळजवळ सारखा. मग एकजण चौथ्या पायरीवर आणि दुसरा पहिल्या पायरीवर कसा?"

"शब्द दुसरा भाग निवडतो. बोलणारा. नुसत्या आकड्यावर शब्द ठरवणं धोक्याचं आहे, अन्वेषकांचा अनुभवही त्यात यावा, असं कायदा करणाऱ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून मंडळाचे तीस वर्षांचे जुने अहवाल त्याला वाचायला दिले. कुठल्या प्रकरणात जाणती माणसं कुठला शब्द वापरतात, ते तो त्यातून शिकला. साधारण नव्वदच्या वर 'ड्यू टू' येतं, पन्नासच्या वर 'कॉन्ट्रिब्यूटेड टू'. हे असं यायला नको होतं."

"नको होतं ना?" नीलाक्षीबाई उठल्या. त्यांच्या मनात शंकेची पाल चांगलीच चुकचुकली होती. "एक ऑपरेटर आणि एक अभियंता. शिक्षा बरोबर गरिबाच्या वाट्याला. इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

अहवालावर त्यांची सही सोमवारीच झाली होती आणि मोहोरही लागली होती. पुढच्या बुधवारी तो लागू होणार होता. मध्ये आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी त्या आंबेखोलला गेल्या. रघुवीर पाष्टे केंद्राच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घराबाहेर बाजेवर बसले होते. वय पंचावन्न, उजव्या हाताला अजून पट्टी. त्या वाफेत एक तंत्रज्ञ जागीच गेला होता आणि त्याला ओढून काढताना पाष्टेंचा हात भाजला होता. त्यांनी नोटिशीचा कागद पुढे केला.

"माज्या पोरीनं वाचून दावलंय. त्यात लिवलंय का मी मारला त्याला?"

"असं नाही लिहिलेलं."

"मग जेल कशाला? मॅडम, दाब चढत व्हता. मापकावर काटा हालंना. कानाला कळतं ना आमच्या, पायपाचा आवाज बदालला की. बायपास उगडला नसता तर अख्खं पंपघर उडालं असतं. ह्ये मी जबाबात सगळं बोल्लो. तुमीच लिवून घेतलंत." त्यांनी पट्टीचा हात मांडीवर ठेवला. "मशिनीनं वाचला ना माजा जबाब?"

"वाचला," नीलाक्षीबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही खोटं वाटलं नाही, कारण जबाब परिशिष्ट सातमध्ये त्यांनी स्वतः जोडला होता.

परतताना त्यांनी केंद्राच्या कंपनीच्या लागेबांध्यांची यादीच मनाशी केली. राजाध्यक्षांचे मामा संचालक मंडळावर होते. प्रयोगशाळेतली थंड हवेची यंत्रणा ज्या ठेकेदाराने बसवली, तोच कंपनीचंही काम करत होता. गेल्या सहा महिन्यांत इरफानने नवी गाडी घेतली होती. हे शेवटचं आठवल्यावर त्यांना स्वतःची थोडी शरम वाटली. पण गुरुवारी सकाळी त्यांनी यंत्राची प्रवेशनोंद मागवली ती इरफानला न विचारता.

नोंद स्वच्छ होती. दुवाशोधकाला कुणी हात लावलेला नव्हता. कंपनीने नाही, ठेकेदाराने नाही, इरफाननेही नाही.

इरफानला मात्र ते कळलं. कळणारच, अशी नोंद कुणी उघडली की त्याच्या पडद्यावर सूचना येते, ही व्यवस्था त्यानेच केली होती. तो नीलाक्षीबाईंच्या खोलीत येऊन उभा राहिला. "माझ्यावर संशय घेतलात ना, मॅडम? नुसतं विचारलं असतंत तरी चाललं असतं."

"विचारल्यावर तू नाहीच म्हणाला असतास."

"ते खरंय," तो म्हणाला. राग ओसरायला त्याला तेवढं पुरलं. "बरं, मीही गप्प बसलेलो नाही. बोलणाऱ्या भागानं हे कुठून उचललं ते शोधतोय. मोजणाऱ्या भागाला मी सगळे जुने अहवाल पुन्हा तपासायला लावलेत. तुम्ही माणसांनी शब्द निवडलेले ते अहवाल. आकडा किती आणि शब्द कुठला, एवढंच बघायचं. शनिवारपर्यंत होईल."

शनिवारी इरफानने यादी आणून टेबलावर ठेवली. चार हजारांवर अहवालांत बहुतेक ठिकाणी आकडा आणि शब्द यांचं छान जमत होतं. फक्त एक्केचाळीस अहवालांत आकडा पन्नास-साठचा आणि शब्द 'ड्यू टू' होता.

"या एक्केचाळीस ठिकाणी कुणीतरी पैसे खाल्ले असणार," इरफान म्हणाला. "यंत्रानं भ्रष्टाचारच शिकून घेतला. बघा तर, कुणाकुणावर दोष टाकलाय ती नावं."

नीलाक्षीबाईंनी यादी वाचायला घेतली. चौथ्या नावावर त्यांचं बोट थांबलं. मग अकराव्यावर. मग त्यांनी उरलेली नावं न थांबता वाचून काढली आणि यादी उलटी करून ठेवली.

"पैसे नाहीत खाल्ले," त्या म्हणाल्या. "यातले नऊ अहवाल माझेच आहेत."

इरफान खुर्चीत बसला.

"मी नवीन होते तेव्हा गुंजाळसाहेब प्रमुख होते. देवमाणूस. एका बॉयलरच्या स्फोटात दोघांची चूक होती. एक जागीच गेला, दुसरा वाचला. मी दोघांनाही 'कॉन्ट्रिब्यूटेड टू' लिहिलं. साहेबांनी फाइल परत पाठवली. म्हणाले, जो गेला त्याला आता कोण तुरुंगात घालणार? त्याच्या बायकोला भरपाई कायद्यानं मिळणारच आहे, चूक कुणाचीही असो. मग सगळं त्याच्या नावावर घाल. राहिलेल्याचं घर तरी चालू दे." त्यांनी उलटी ठेवलेली यादी आणखी दूर सारली. "मला ते पटलं. सगळ्यांनाच पटायचं. आम्ही त्याला नियम म्हणत नव्हतो, कुठे लिहिलेलंही नव्हतं. पण माणूस गेलेला असला की त्याला 'ड्यू टू' द्यायचं आणि जिवंत माणसाला दोन पायऱ्या उतरवायचं, ही आमची पद्धत पडली होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मेलेली माणसं आहेत, इरफान."

इरफान म्हणाला, "म्हणजे बोलणारा भाग तुमची दया शिकला. मेलेल्याला वर चढवायचं, जिवंताला उतरवायचं. राजाध्यक्ष उतरला, ते जमलं. पण पाष्टे तर जिवंत आहेत!"

"धडधडीत. बुधवारी मी बोलून आलेय."

"यंत्राला मेला की जिवंत असा रकानाच नाही. ते दुसऱ्याच कशावरून तरी ओळखत असणार." तो उठलाच. "चला वर."

मोहोर लागलेल्या अहवालाला हात लावता येत नव्हता, पण चाचणीसाठी त्याची प्रत करता येत होती. इरफानने प्रतीतली परिशिष्टं एकेक करून झाकायला सुरुवात केली. पाळीची नोंदवही झाकली. दोन्ही शब्द होते तसेच राहिले. दाबाचे आलेख झाकले, देखभालीचे कागद झाकले. काही फरक नाही. मग त्याने अभियंता राजाध्यक्षांचा जबाब झाकला.

'फॉलोइंग'च्या जागी 'ड्यू टू' आलं.

"या अल्ला," इरफान पुटपुटला. आकडा होता तिथेच होता, अठ्ठावन्न. त्याने जबाब उघडला. अभियंता पहिल्या पायरीवर उतरला. झाकला, चौथ्या पायरीवर गेला. "बरोबरच आहे. मेलेला माणूस जबाब देत नाही. जुन्या एक्केचाळीस फायलींत त्या माणसाचा जबाब नाही, बाकी सगळीकडे आहे. यंत्रानं तेच धरलं. जबाब नाही, म्हणजे हा तो माणूस, ज्याच्यावर सगळं घालायचं."

"मग पाष्टेंचा झाक."

त्याने झाकला. काहीच झालं नाही. उघडला, तरी काहीच झालं नाही. तो जबाब असला काय आणि नसला काय, यंत्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

नीलाक्षीबाईंचा आवाज उतरला. "परिशिष्ट सात यंत्राला कसं दिसतं ते दाखव."

पडद्यावर एक कोरं पांढरं पान आलं.

"राजाध्यक्षांनी जबाब इंग्रजीत दिलाय. पाष्टेंचा तुम्ही हातानं लिहून घेतलाय, मराठीत," इरफान सावकाश म्हणाला. "अहवाल इंग्रजी, म्हणून वाचायची सोय इंग्रजीपुरतीच केली. परदेशी विमावाल्यांची अटच होती तशी. बाकी काही असलं की यंत्र ते चित्र समजून सोडून देतं. पण पूर्वी तर जबाबांचा अनुवाद जोडायचे ना? जुन्या सगळ्या फायलींत इंग्रजी जबाब आहेत."

"कर्णिकबाई करायच्या अनुवाद," नीलाक्षीबाई म्हणाल्या. "मी बंद केला."

त्यांना ते परिपत्रक शब्दन् शब्द पाठ होतं. एका कामगाराने पाऊण तास रडत, थांबत सांगितलेली हकीकत कर्णिकबाईंनी इंग्रजीच्या दीड ओळीत बसवली होती. ते बघून नीलाक्षीबाई संतापल्या होत्या. यंत्र आलं त्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या सहीने काढलं होतं: कामगाराचा जबाब त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत जोडावा, अनुवाद जोडू नये. आपण नोकरीत एक तरी चांगलं काम केलं, असं त्यांना ते आठवलं की वाटे.

"पाष्टेंचा जबाब इंग्रजीत कर," त्या म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. एक शब्दही गाळू नकोस. पायपाचा आवाज बदलला, हेसुद्धा घाल."

तासाभराने तो अनुवाद चाचणीच्या प्रतीला जोडला. आकडा एकसष्टच राहिला. शब्द बदलून 'फॉलोइंग' झाला, राजाध्यक्षांसारखाच.

पुढचा प्रश्न दोघांनाही पडलेला होता, पण विचारायला कुणी धजेना. शेवटी इरफानने न विचारताच शोध घेतला. गेल्या चार वर्षांत मराठीत जबाब दिलेली आणि अहवालात नाव आलेली माणसं किती? सदतीस. त्यांतली 'ड्यू टू' मिळालेली किती? सदतीस. आकडे चाळीसपासून सत्तरपर्यंतचे. अकराजण अजून तुरुंगात होते. या चार वर्षांत इंग्रजीत जबाब देणाऱ्या एकालाही यंत्राने दुसऱ्या पायरीच्या वर चढू दिलं नव्हतं.

प्रत्येक अहवालाखाली नीलाक्षी तेंडोलकर यांची सही होती.

सोमवारी सकाळी त्यांनी दिल्लीला फोन लावला. तिकडच्या सहसचिवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोहोर लागलेलं वाक्य बदलायला त्यांनी साफ नकार दिला, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. माणसाने हात लावायचा नाही म्हणूनच तर यंत्र आणलं. एकच वाट होती: दोष-अहवाल. मंडळाच्या कुठल्या निर्णयाने चूक झाली, ते त्याच यंत्रापुढे मांडायचं. यंत्राने त्या निर्णयाला चौथ्या पायरीचा दुवा दिला, तरच जुने अहवाल आपोआप पुन्हा उघडतात. त्याखालच्या कुठल्याही शब्दावर नाही.

"आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं?" नीलाक्षीबाईंनी विचारलं.

"इतरांचं होतं तेच. परवाना रद्द, खटला. कायदा सगळ्यांना सारखा आहे, मॅडम."

मंगळवारी दुपारपर्यंत दोष-अहवाल तयार झाला. परिपत्रक, जुन्या फायली, झाकण्या-उघडण्याच्या चाचण्या, सगळं जोडलं. संबंधित व्यक्तीच्या जबाबाशिवाय फाइल पुढे सरकत नाही, म्हणून त्यांनी आपला जबाब दिला. अधिकाऱ्यांचे जबाब इंग्रजीत असायची रीत होती. त्यांनी तो चांगला चार पानी, नेटका, कबुलीचा लिहिला. चूक माझी आहे, असं त्यात तीन वेळा म्हटलं होतं.

यंत्र घुमलं. परिपत्रक काढलंच नसतं तर? ते सदतीस निर्णय दहा हजार वेळा पुन्हा घेतले गेले. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

आणि वाक्य आलं: सदतीस चुकीचे निष्कर्ष एन. तेंडोलकर यांच्या परिपत्रकाशी 'असोसिएटेड विथ' आहेत.

इरफानने पडद्यावर हात आपटला. "अठ्ठ्याण्णव आहे! अठ्ठ्याण्णवला दुसरी पायरी?"

"दोन पायऱ्या उतरवलं," नीलाक्षीबाई म्हणाल्या. "मी जिवंत आहे आणि मला इंग्रजी येतं. आम्हीच शिकवलंय त्याला." त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. उद्या सकाळी दहाला पोलिस आंबेखोलला जाणार होते. "माझा जबाब काढून टाक."

"जबाबाशिवाय फाइल घेतच नाही."

"दुसरा देते ना. कागद दे."

इरफानच्या लक्षात आलं तसा तो दारापाशी जाऊन उभा राहिला, जणू त्या पळून जाणार होत्या. "मॅडम, ही फसवणूक आहे."

"कुणाची? मी खोटं लिहिणार नाहीये. पाष्टेंनीही खोटं सांगितलं नव्हतं. माझी भाषा मराठी आहे, आणि जबाब देणाऱ्याच्याच भाषेत जोडावा, असं परिपत्रक आहे. माझं स्वतःचं. अजून रद्द झालेलं नाही."

"तुम्हाला तुरुंग होईल!"

"अकराजण बसलेत ना तिथे?" त्या जरा जोरातच बोलल्या. मग खाली बसल्या. "भीती वाटतेय मला, इरफान. खूप वाटतेय. पण तू दारात उभा राहून ती कमी होणार नाही. पेन दे."

त्याने पेन दिलं.

त्यांनी हाताने लिहिलं. पहिल्या जबाबात नव्हतं ते सगळं या वेळी आलं. गुंजाळसाहेबांची फाइल आली, नऊ मेलेल्या माणसांची नावं आली, ज्यांच्या बायकांना आपला नवरा गुन्हेगार होता असं आयुष्यभर वाटत राहिलं असेल. कर्णिकबाईंची जागा गेली त्या दिवशी त्या पुस्तकांची पिशवी घेऊन एकट्याच जिना उतरल्या, तेही आलं. सहा पानं झाली. सव्वीस वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतले, पण स्वतःचा द्यायला इतकं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. इरफानने ती पानं मशीनमध्ये सरकवली. यंत्राला सहा कोरी पानं दिसली.

यंत्र पुन्हा घुमलं. आकडा अठ्ठ्याण्णवच आला. वाक्य आलं: सदतीस चुकीचे निष्कर्ष एन. तेंडोलकर यांच्या परिपत्रकाच्या 'ड्यू टू' आहेत.

मोहोर लागली. पडद्यावर सदतीस फायलींपुढे एकेक करून 'पुनर्चौकशी' असा शेरा उमटत गेला. सदतिसावी पाष्टेंची होती. तिच्याखाली लगेच नीलाक्षीबाईंच्या नावाची नोटीस आली. इरफान खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि नाक पुसत होता.

नीलाक्षीबाईंनी पाष्टेंना फोन लावला. अटक होणार नाही, चौकशी पुन्हा होईल, जबाब पुन्हा घेतील आणि या वेळी त्याचा अनुवादही होईल, हे त्यांनी सावकाश, दोनदा सांगितलं. पलीकडे पाष्टे आपल्या मुलीला ओरडून काहीतरी सांगत होते. मग ते परत फोनवर आले.

"जबाब घ्यायला तुमीच येनार ना, मॅडम?"

"नाही, पाष्टे. माझा परवाना रद्द झालाय आज."

"आवो, असं कसं? कोनामुळं झालं ह्ये?"

"माझ्यामुळे," नीलाक्षीबाई म्हणाल्या.